सुवर्णाची हाव

जळगावच्या सराफ्याची ख्याती दूरवर आहे. अशा सुवर्णनगरीत सोन्याविषयी बोलणे हे धारिष्ट्यच. तरी सराफाच्या ताजव्यात न मावणारा सोन्याचा एक गुण आम्ही श्रोत्यांपुढे मांडू इच्छितो.

सोने गंजत नाही, म्हणून त्यास आपण निःस्पृह धातू मानले. सराफ कसोटीवर रेघ ओढून तीवर तेजाब सोडतो; तांबे व चांदी विरून जातात, सोने उरते. तेजाब धातूच्या अणूतील इलेक्ट्रॉन हिरावून घेते. सोने आपला इलेक्ट्रॉन सहजी सोडीत नाही. पण जो देत नाही, तो घेतो काय?

एकट्या अणूने बाहेरचा इलेक्ट्रॉन पदरात घेतला की बहुधा ऊर्जा बाहेर पडते. या ऊर्जेस इलेक्ट्रॉन-आसक्ती म्हणतात. इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मापाने ती क्लोरीनची 3.61 व आयोडीनची 3.06 आहे. तांब्याची 1.24, चांदीची 1.30, सोन्याची मात्र 2.31! म्हणजे सोने या बाबतीत आपल्या भाऊबंदांपेक्षा आयोडीनच्या अधिक जवळ आहे.

याची चुणूक 1943 साली दिसली. सॉमर या संशोधकाने सोने व सीझियम समप्रमाणात संयोगित केले. दोन धातूंपासून झालेला हा पदार्थ धातू राहिलाच नाही. मिठात क्लोरीन बसतो त्या जागी येथे सोने ऋणभारित होऊन बसले होते. पुढे 1973 साली हॉटॉप व लाइनबर्गर यांनी सोन्याच्या ऋण आयनांवर लेसरचा प्रकाश टाकला आणि इलेक्ट्रॉन केव्हा सुटतो हे पाहून ही आसक्ती मोजली.

कारणाची उकल 1979 साली प्यूक्को व देक्लो यांच्या लेखाने सर्वत्र पोचली. सोन्याच्या अणुकेंद्रावर 79 धन भार. त्याच्या निकट इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून अधिक होतो. तेथे आइन्स्टाइनचा 1905 चा सापेक्षतावाद लागू पडतो. त्यामुळे सर्वांत बाहेरचे कवचही आत ओढले जाते. तेथील इलेक्ट्रॉन सुटणे कठीण होते आणि रिकाम्या जागी नवा इलेक्ट्रॉन सहज स्थिरावतो. सोन्याचा पिवळा रंगही याच कारणाचा.

तात्पर्य, सोन्याची निःस्पृहता आणि हाव या दोन गोष्टी नव्हेत. एकाच घट्ट मुठीची ती दोन नावे आहेत. मात्र त्या हावेलाही मर्यादा आहे. सीझियमशी झालेल्या त्या संयुगास पाणी लागले की घेतलेला इलेक्ट्रॉन सोने सोडून देते, आणि पुन्हा धातू होऊन तळाशी बसते.