एकच काता, आठ महिने

कात्रजला ताईच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी "इच, नी, सान, शी" असा गजर चालतो. पांढऱ्या ड्रेसमधली पंधरावीस पोरं, त्यात आमचा भाचा. मागच्या रविवारी चहा देता देता ताईने विचारलं, "अरे, आठ महिने झाले, अजून तोच हेइआन शोदान चाललाय. पलीकडच्या क्लासमधली पोरं ग्रीन बेल्टला गेली. काढू का याला?"

कॉम्प्युटरवाल्या भावाला सगळं माहीत असतं असा तिचा गोड गैरसमज आहे. तो टिकवायचा म्हणून आठवडाभर वाचत बसलो.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, काल्पनिक शत्रूंशी एकट्याने करायच्या हालचाली. शोतोकान पद्धतीत आधी पाच हेइआन, मग तेक्की शोदान, मग बास्साई दाई, कांकू दाई वगैरे मोठी मंडळी. ही शिडी हजारो वर्षांची असेल असं मला वाटायचं. त्यात "बोधिधर्म इथून गेला, त्याने शाओलिनला शिकवलं, म्हणजे कराटे आपलंच" ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतोच. (मीही कॉलेजात सांगितली आहे.) पण त्या गोष्टीचा आधार असलेला चिनी ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. अभ्यासक तो प्रमाण मानत नाहीत.

खरी गोष्ट एका शाळेत सुरू होते. ओकिनावा हे पूर्वी र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. जपानने ते १८७९ साली पूर्णपणे खालसा केलं. तिथे हाताने लढायची विद्या गुरूच्या अंगणात, गुपचूप, मोजक्या शिष्यांना मिळायची. आंको इतोसू (१८३१-१९१५) या म्हाताऱ्या गुरुजींनी ती १९०१ च्या सुमारास शुरी गावच्या प्राथमिक शाळेत नेली. आता वर्गभर पोरांना एकदम काय शिकवणार? जुने काता लांबलचक आणि अवघड. म्हणून त्यांनी १९०५ च्या आसपास पाच छोटे काता बसवले, पिनान नावाचे. त्यांत कुसांकू या मोठ्या काताचे बरेच तुकडे ओळखू येतात. आमच्या भाषेत सांगायचं तर एका अगडबंब प्रोग्रॅमची पाच मोड्यूल्स. मला हा माणूस भलताच आवडला!

१९०८ साली इतोसूंनी शिक्षण खात्याला दहा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. सुरुवातीलाच ते सांगतात की कराटे बौद्ध धर्मातून किंवा कन्फ्युशियसच्या शिकवणीतून आलेलं नाही. घ्या, बोधिधर्माचा निकाल तिथेच लागला! पुढे ते असंही म्हणतात की लहानपणापासून शिकवलं तर पोरं पुढे सैन्याला उपयोगी पडतील. म्हणजे हेतू अगदी निरागस नव्हता. आणि किंमतही मोजावी लागली. पोरांना हालचाली मिळाल्या, पण त्यांचा लढाईतला जीवघेणा अर्थ बाजूला राहिला. आजही "हा ब्लॉक नक्की कशाला?" असं विचारलं तर प्रत्येक सर वेगळं सांगतात, ते बहुतेक त्यामुळेच.

इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर. १९२२ साली ते प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. पिनानचं नाव त्यांनी जपानी उच्चाराने हेइआन केलं. पहिला काता दुसऱ्यापेक्षा अवघड वाटला म्हणून दोघांची चक्क अदलाबदल केली. म्हणजे भाचा जो "पहिला" घोकतोय तो मुळात दुसरा!

आता बेल्ट. ते कराटेचे नाहीतच. ज्यूदोच्या जिगोरो कानोंनी १८८३ पासून दान दर्जे आणि पुढे काळा पट्टा सुरू केला. फुनाकोशींनी १९२४ साली तीच पद्धत उचलली आणि पहिले शोदान दिले. मधले रंगीबेरंगी पट्टे युरोपातल्या ज्यूदो क्लबांतून रूढ झाले. म्हणजे ताईला ज्याची घाई आहे तो भाग सगळ्यात नवा आहे. शोदान म्हणजे तरी काय, पहिली पायरी. ब्लॅक बेल्टच्या पहिल्या दर्जालाही तोच शब्द.

"कराटे" हा शब्दसुद्धा "चिनी हात" वरून "रिकामा हात" असा अधिकृतपणे ठरला तो ऑक्टोबर १९३६ मध्ये, नाहा शहरात झालेल्या गुरूंच्या बैठकीत. त्याच वर्षी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवत होती. जुन्या अंगणातल्या गोष्टी जगाच्या मैदानात न्यायची तेव्हा सगळ्यांनाच घाई होती बहुतेक. कराटेला ऑलिंपिक गाठायला २०२१ उजाडलं. टोकियोत पुरुषांच्या काताचं सुवर्ण ओकिनावाच्याच र्‍यो कियूनाने जिंकलं. पॅरिसला, २०२४ मध्ये, कराटे नव्हतंच.

असो. मुद्दा आठ महिन्यांचा. फुनाकोशींनी लिहून ठेवलंय की तीन तेक्की काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. रात्री कंदिलाच्या उजेडात, गुरूच्या अंगणात, तेच ते पुन्हा. गुरू आझातो "पुन्हा कर" यापलीकडे फारसं बोलायचे नाहीत.

हे सगळं ताईला सांगितलं. "दहा वर्षं?" म्हणाली, "फी कोण भरणार, तू?"

भाच्याला खाली नेऊन काता करायला लावला. तीन वेळा हात वर नेऊन ब्लॉक, किआय एकदम झकास, आणि मग ते पाऊण गिरकीचं वळण. पठ्ठ्या उलट्या बाजूला फिरला आणि थेट भिंतीसमोर उभा राहिला. मग माझ्याकडे बघून हसला आणि न सांगता पहिल्यापासून सुरू झाला. पुढच्या तीन महिन्यांची फी मी भरली आहे.