बँक ऑफ बॉम्बेचा शेअर : २,८५० पासून ८७ पर्यंत

मुंबईच्या शेअरवेडाची कथा आपणांपैकी पुष्कळांनी ऐकलेली असेल. ती बहुधा प्रेमचंद रायचंदांची कथा म्हणूनच सांगण्यात येते. आज मात्र आम्ही माणसाच्या मागे न जाता एका कागदाच्या मागे जाणार आहोत. तो कागद म्हणजे बँक ऑफ बॉम्बेचा शेअर.

ही बँक १८४० साली निघाली. तिच्या भांडवलात सरकारचा वाटा होता आणि संचालकांत सरकारने नेमलेली माणसे बसत. कालपरवा निघालेल्या कंपन्यांच्या वाऱ्यासही जो उभा राहिला नसता, त्या पापभीरू गृहस्थासही हा कागद पेटीत ठेवण्यास धास्ती वाटू नये, असे तिचे रूप होते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. (माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, म्हणजे ऐन भरभराटीतले, पुढचा अनर्थ त्यात कोठून असणार!) हाती आलेला पैसा गुंतवावा कोठे? समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेला.

आता खरी मेख पाहा. इतर कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक बँकेला १८६३ च्या कायद्याने मिळाली. मग काय, शेअर गहाण टाकावा, त्या पैशाने आणखी शेअर घ्यावेत, मागणीने भाव चढला की त्याच कागदांवर वाढीव कर्ज मागावे! ज्या भावाकडे पाहून बँक पैसे देई, तो भाव बव्हंशी तिच्याच पैशाने फुगलेला होता. कित्येक कर्जे तर नुसत्या सहीवर गेली. भांडवल वाढवीत २ कोटी ९ लाखांवर नेले, आणि बँकेचा शेअर २,८५० रुपयांस पोचला. भाव पाहून बँकेची प्रकृती ओळखू म्हणणाऱ्यास तो आकडा निरोगीच दिसला असता.

१८६५ च्या एप्रिलात सेनापती ली शरण गेला, कापूस उतरला. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांच्या फेडीचा दिवस. घेणारा देऊ शकेना म्हणून विकणारा बुडाला, आणि त्या दोघांना कर्ज देणारी बँक दोघांखाली सापडली. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्या आत आला. बँकेचा शेअर अखेर ८७ रुपयांस विकला जाऊ लागला.

१८६८ साली बँक गुंडाळली गेली. त्याच वर्षी नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी मंडळाने नव्या कायद्यातील ढिलाई, चिटणिसांचा दुबळेपणा आणि संचालकांची बेपर्वाई यांवर बोट ठेवले. काळच विलक्षण होता, हेही मंडळाने मान्य केले. आम्हांस त्यांतील तिसरे कारण सर्वांत जड वाटते. कारण लोकांनी भरवसा ठेवला होता तो मुख्यत्वे त्या सरकारी संचालकांच्या नावांवर.