संगणकविज्ञान व सामाजिक शास्त्रे : संयुक्त विद्यापीठीय अध्ययन

संगणकाच्या साहाय्याने मानवी वर्तन, संस्था व समाजव्यवहार यांचा शोध घेणारी, त्याचप्रमाणे संगणकविद्येचे समाजावर होणारे परिणाम सामाजिक शास्त्रांच्या दृष्टीने तपासणारी उच्च शिक्षणातील अभ्यासशाखा. या शाखेत विद्यार्थी आज्ञावलीलेखन, गणनपद्धती, सांख्यिकी यांसारखे विषय आणि अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र यांपैकी एक वा अनेक विषय एकाच अभ्यासक्रमात शिकतो. सामाजिक शास्त्रांनी संगणकाचा केवळ साधन म्हणून वापर करणे आणि दोन्ही विद्यांनी परस्परांची गृहीतके तपासणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या शाखेचा इतिहास म्हणजे पहिलीकडून दुसरीकडे झालेला, अद्यापि अपुरा असलेला प्रवास होय.

पूर्वपीठिका : या दोन विद्यांचा संबंध इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या पूर्वीपासूनचा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९) याने तयार केलेली, छिद्रित पत्रांवर चालणारी कोष्टकयंत्रे वापरण्यात आली. प्रत्येक व्यक्तीची माहिती एका पत्रावरील छिद्रांच्या रूपाने नोंदवून तिचे यांत्रिक वर्गीकरण करण्याची ही पद्धती पुढे सरकारी खात्यांतून व व्यापारी पेढ्यांतून विद्यापीठांतही आली. संगणकयंत्रांच्या विकासाला चालना देणाऱ्या गरजांपैकी एक गरज अशा रीतीने समाजाची मोजदाद करण्याचीच होती.

इलेक्ट्रॉनिक संगणकाची सामाजिक क्षेत्रातील शक्ती सामान्य जनतेला प्रथम जाणवली ती १९५२ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत. सीबीएस या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेसाठी युनिव्हॅक या संगणकाने मतमोजणीच्या आरंभीच्या थोड्या आकड्यांवरून आयझेनहौअर यांच्या मोठ्या विजयाचे भाकीत केले. लोकमत चाचण्यांनी अटीतटीची लढत वर्तविली असल्यामुळे हे भाकीत तत्काळ प्रसृत करण्याचे धाडस झाले नाही. प्रत्यक्षात ते खरे ठरले. यंत्राच्या उत्तरावर केव्हा विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्या रात्री निर्माण झाला व तो आजही कायम आहे.

कार्नेगी येथील प्रयोग : दोन्ही विद्यांचा खरा संगम पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रसंस्थेत (१९६७ पासून कार्नेगी-मेलन विद्यापीठ) घडून आला. त्याचे प्रमुख शिल्पकार हर्बर्ट अलेक्झांडर सायमन (१९१६–२००१) हे मूळचे राज्यशास्त्राचे विद्यार्थी होते. शिकागो विद्यापीठातून १९४३ मध्ये त्यांनी पीएच्.डी. मिळविली. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेव्हिअर (१९४७) या ग्रंथात त्यांनी प्रशासकीय निर्णयप्रक्रियेचे विवेचन केले. माणसाजवळ सर्व पर्यायांची माहिती नसते आणि त्यांची तुलना करण्याची त्याची क्षमताही मर्यादित असते. म्हणून तो सर्वोत्तम पर्यायाऐवजी समाधानकारक वाटेल असा पर्याय निवडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मर्यादित विवेकशीलतेचा सिद्धांत म्हणून ते पुढे प्रसिद्धीस आले.

१९४९ मध्ये सायमन कार्नेगी येथे नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक प्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यालयात दाखल झाले. १९५२ मध्ये रँड कॉर्पोरेशनमध्ये ॲलन न्यूएल (१९२७–९२) यांच्याशी त्यांची ओळख झाली. माणूस कसा विचार करतो, हा सायमन यांचा प्रश्न आणि चिन्हांवर प्रक्रिया करणारे यंत्र ही नवी शक्यता, यांची येथे गाठ पडली. न्यूएल, सायमन व क्लिफ शॉ यांनी १९५५-५६ मध्ये ‘लॉजिक थिअरिस्ट’ ही आज्ञावली रचली. व्हाइटहेड व रसेल यांच्या प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ प्रमेये तिने सिद्ध केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या आद्य आज्ञावलीमागील मूळ जिज्ञासा अशा रीतीने सामाजिक शास्त्रातील होती.

विद्यापीठीय व्यवस्थेच्या दृष्टीने कार्नेगीचे उदाहरण उद्‌बोधक आहे. १९५६ मध्ये तेथे आलेला आयबीएम ६५० हा संगणक औद्योगिक प्रशासन विद्यालयाच्या इमारतीच्या तळघरात बसविण्यात आला. संगणकविज्ञानाचा स्वतंत्र विभाग त्या वेळी अस्तित्वात नव्हता. परिणामी न्यूएल यांना १९५७ मध्ये आणि पुढे तज्ञप्रणालींचे प्रवर्तक ठरलेले एडवर्ड फायगेनबाउम यांना १९६० मध्ये पीएच्.डी. मिळाली ती औद्योगिक प्रशासन विद्यालयातून. संगणकविज्ञानाचा विभाग १९६५ मध्ये स्थापन झाला. सायमन यांना १९७५ मध्ये न्यूएल यांच्यासमवेत संगणकविज्ञानातील ट्युरिंग पारितोषिक व १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे दोन्ही सन्मान एका व्यक्तीला लाभावेत, हे या संगमाचे बोलके प्रमाण होय.

याच विद्यालयातील रिचर्ड सायर्ट व जेम्स मार्च यांनी अ बिहेव्हिअरल थिअरी ऑफ द फर्म (१९६३) या ग्रंथात व्यवसायसंस्थेच्या निर्णयप्रक्रियेची संगणकीय प्रतिमाने मांडली. मार्च पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील सामाजिक शास्त्र विद्यालयाचे पहिले अधिष्ठाता झाले व तेथील शिक्षणात त्यांनी गणित व संगणक यांना महत्त्वाचे स्थान दिले.

साधनांचा प्रसार : १९६० नंतर सामाजिक शास्त्रज्ञांसाठी संगणकीय साधने व सामायिक माहितीसंग्रह निर्माण होऊ लागले. मिशिगन विद्यापीठात १९६२ मध्ये राजकीय संशोधनासाठी आंतरविद्यापीठीय संघ स्थापन झाला. निवडणूकविषयक व अन्य पाहण्यांची आधारसामग्री त्याने सदस्य विद्यापीठांना उपलब्ध करून दिली. हार्व्हर्ड येथे फिलिप स्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिखित मजकुराचे आशयविश्लेषण करणारी ‘जनरल इन्क्वायरर’ ही प्रणाली तयार केली. स्टॅनफर्ड येथे नॉर्मन नाय, डेल बेंट व हॅडलाय हल यांनी १९६८ मध्ये ‘एसपीएसएस’ हा सांख्यिकीय आज्ञावलीसंच सिद्ध केला. त्यामुळे आज्ञावली स्वतः न लिहिताही विश्लेषण करणे शक्य झाले. संगणक हाताळणाऱ्या सामाजिक शास्त्रज्ञांची संख्या यामुळे वाढली; मात्र यंत्राच्या अंतर्गत रीतीची त्यांना ओळख असण्याची गरज कमी झाली. या सोयीची ही दुसरी बाजू दुर्लक्षणीय नाही.

प्रतिमान व अनुभव : जेम्स मिनोरू साकोडा (१९१६–२००५) यांचे कार्य या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत स्थानबद्ध केले. जपानी वंशाचे साकोडा यांनी या छावण्यांत राहूनच तेथील सामाजिक गटांची निरीक्षणे नोंदविली आणि त्यांच्या आधारे १९४९ मध्ये बर्कली येथे पीएच्.डी. चा प्रबंध सादर केला. पुढे ब्राउन विद्यापीठात सामाजिक शास्त्रांच्या संगणक प्रयोगशाळेची धुरा त्यांनी सांभाळली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रतिमानात चौकटींच्या पटावर दोन गटांच्या सोंगट्या असून प्रत्येक सोंगटी स्वकीय व परकीय यांविषयीच्या आकर्षण-प्रतिकर्षणानुसार जागा बदलते. साध्या नियमांतून गटांची रचना कशी आकार घेते, हे संगणकाने दाखवून दिले.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग (१९२१–२०१६) यांचे वस्त्यांच्या विभाजनाचे सुप्रसिद्ध प्रतिमान प्रसिद्ध झाले. शेजारी काही प्रमाणात तरी आपल्या गटाचे असावेत, एवढ्या सौम्य अपेक्षेतूनही पूर्णतः विभक्त वस्त्या निर्माण होऊ शकतात, हा त्याचा निष्कर्ष होय. शेलिंग यांची कीर्ती दिगंत पसरली. साकोडा मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिले. तथापि छावणीतील प्रत्यक्ष अनुभव, क्षेत्रीय निरीक्षण व संगणकीय रचना या तिन्हींचा मेळ साकोडा यांच्या कार्यात जसा आढळतो, तसा अन्यत्र क्वचितच आढळतो.

आक्षेप व वाद : या संयुक्त विद्येवर प्रारंभापासूनच गंभीर आक्षेप घेण्यात आले. येल विद्यापीठातील रिचर्ड रगल्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६५ मध्ये सरकारी आधारसामग्रीचे राष्ट्रीय केंद्र उभारण्याची शिफारस केली. संशोधनाच्या दृष्टीने ती उपयुक्त होती. परंतु प्रत्येक नागरिकाची माहिती एकत्र आल्यास सरकारच्या हाती अमर्याद सत्ता जाईल, या भीतीने १९६६ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये तिच्यावर टीका झाली व केंद्र उभे राहिले नाही. १९७४ मध्ये खाजगीपणाच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. व्हिएटनाम युद्धाच्या काळात, १९६९ मध्ये, मॅसॅचूसेट्स तंत्रसंस्थेतील ‘केंब्रिज प्रकल्पा’लाही विद्यार्थ्यांनी विरोध केला. सामाजिक शास्त्रांसाठी संगणकप्रणाली विकसित करणाऱ्या या प्रकल्पास संरक्षण खात्याचे अर्थसाहाय्य होते, हे विरोधाचे मुख्य कारण होते.

द लिमिट्स टू ग्रोथ (१९७२) या अहवालातील जागतिक प्रतिमानावर ससेक्स विद्यापीठातील अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप पद्धतिविषयक होता. प्रतिमानात जी गृहीतके घालावीत, तीच निष्कर्षरूपाने बाहेर येतात, असे त्यांनी दाखविले. जोसेफ वाइझेनबाउम (१९२३–२००८) यांनी कंप्यूटर पॉवर अँड ह्यूमन रीझन (१९७६) या ग्रंथात याहून मूलगामी प्रश्न उपस्थित केला. संभाषणाचा आभास निर्माण करणाऱ्या ‘एलायझा’ (१९६६) या आज्ञावलीचे ते स्वतः निर्माते होते. यंत्राला एखादी गोष्ट करता येते म्हणून ती त्याच्याकडे सोपवावी असे ठरत नाही. काही निर्णय मानवी विवेकाकडेच राहिले पाहिजेत, असे त्यांनी आग्रहाने मांडले.

नवा कालखंड : इंटरनेट व भ्रमणध्वनी यांच्या प्रसारामुळे मानवी व्यवहारांच्या असंख्य नोंदी आपोआप साठू लागल्या. डेव्हिड लेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सायन्स या नियतकालिकात ‘संगणकीय सामाजिक विज्ञान’ या नावाने या क्षेत्राची मांडणी केली. जॉर्ज मेसन विद्यापीठाने या विषयातील पीएच्.डी. चा अभ्यासक्रम सुरू केला, तर मॅसॅचूसेट्स तंत्रसंस्थेने २०१७ मध्ये संगणकविज्ञान, अर्थशास्त्र व आधारसामग्री विज्ञान यांचा संयुक्त पदवी अभ्यासक्रम आखला.

या काळातील दोन घटना अभ्यासक्रमांत आवर्जून चर्चिल्या जातात. गूगल कंपनीने २००८ मध्ये शोधशब्दांवरून फ्ल्यूच्या साथीचा अंदाज वर्तविण्यास सुरुवात केली. परंतु २०१२-१३ च्या मोसमात तिचा अंदाज अधिकृत आकड्याच्या सुमारे दुप्पट निघाला. नोंदींची विपुलता म्हणजे मापनाची अचूकता नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. दुसरी घटना २०१४ मध्ये उघड झाली. फेसबुकच्या ६,८९,००३ वापरकर्त्यांना दिसणाऱ्या मजकुरातील भावनिक छटा २०१२ मध्ये एक आठवडा बदलून त्यांच्या लेखनावरील परिणाम तपासण्यात आला होता. वापरकर्त्यांची स्वतंत्र संमती घेतली नव्हती, म्हणून त्यावर मोठे वादंग माजले. मानसशास्त्र व वैद्यक यांनी संमतीविषयी दीर्घ अनुभवातून घालून घेतलेले नियम संगणकक्षेत्रास कितपत लागू आहेत, हा प्रश्न यामुळे ऐरणीवर आला.

भारत : भारतात या संगमाची पायाभरणी सांख्यिकीच्या मार्गाने झाली. प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांनी कलकत्ता येथे १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत नमुना पाहणीचे तंत्र विकसित झाले. राष्ट्रीय नमुना पाहणीस १९५० मध्ये प्रारंभ झाला. भारतातील पहिला अंकीय संगणक (एचइसी-२एम) १९५६ मध्ये याच संस्थेत कार्यान्वित झाला. देशातील पहिला संगणक आर्थिक नियोजनाचे प्रश्न हाताळणाऱ्या संस्थेत यावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः बांधला (१९६०).

महाराष्ट्रात सामाजिक पाहणीची परंपरा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) रुजविली. धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–७१) यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६-३७ मध्ये झालेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हे तिचे ठळक उदाहरण होय. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे गाडगीळ हे पहिले अध्यक्ष होते. मात्र संगणकशिक्षण मुख्यत्वे अभियांत्रिकी संस्थांत व सामाजिक शास्त्रे कलाशाखेत, अशी विभागणी पुढे दृढ झाली आणि पाहणीकार व आज्ञावलीकार यांचे मार्ग वेगळे झाले. ही विभागणी ओलांडण्याचे प्रयत्न विशेषतः हैदराबाद व दिल्ली येथील माहिती तंत्रज्ञान संस्थांनी केले. हैदराबाद येथे संगणन व मानव्यविद्या यांचा आणि दिल्ली येथे संगणकविज्ञान व सामाजिक शास्त्रे यांचा संयुक्त अभ्यासक्रम सुरू झाला.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय (२४ ऑगस्ट २०१७) आणि अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा (२०२३) यांमुळे भारतात या अध्ययनास व्यावहारिक निकडही प्राप्त झाली आहे.

मूल्यमापन : संयुक्त अध्ययनातील मुख्य अडचण वेळाची व मानदंडांची आहे. एका पदवीच्या अवधीत दोन विद्यांत सखोल गती मिळविणे कठीण असते. संगणकविज्ञानात आज्ञावली अपेक्षेप्रमाणे चालणे ही कसोटी असते, तर सामाजिक शास्त्रांत मूळ प्रश्न कोणी, कोणासाठी व कोणत्या शब्दांत विचारला, हेही तपासावे लागते. जात, उत्पन्न, बेरोजगारी यांसारखी माहिती कोष्टकात भरली जाते, तेव्हा त्या संज्ञांची व्याख्या आधीच कोणीतरी केलेली असते. ती व्याख्या चुकली, तर गणन कितीही शुद्ध असले तरी निष्कर्ष सदोषच राहतो आणि त्याचा भार ज्यांची मोजदाद झाली, त्यांना वाहावा लागतो. सायमन यांनी मानवी निर्णयक्षमतेच्या मर्यादा दाखवून यंत्राकडे वाट काढली. वाइझेनबाउम यांनी यंत्राच्या मर्यादा दाखवून माणसाकडे लक्ष वेधले. या दोन्ही मर्यादांचे भान एकाच विद्यार्थ्याच्या ठिकाणी निर्माण करणे, हेच या अध्ययनाचे प्रयोजन म्हणता येईल.