‘धंदा’ या रकान्यातील पूर्वज

मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले म्हणजे घरोघरच्या जुन्या पेट्या उघडतात. देवाच्या इनामाची सनद कोणाकडे आहे, पालखीचा मान कोणत्या घराण्याचा, याचा शोध सुरू होतो. पुष्कळदा असे होते की सनद सापडत नाही, पण घरातल्या कोणा पूर्वजाच्या मृत्यूच्या नोंदीचा जुना उतारा हाती येतो. नाव, वय, जात, मरणाचे कारण एवढे कसेबसे लागते. ‘धंदा’ या रकान्यापाशी मात्र वाचणारा अडतो. तेथे कोठे ‘भिक्षुकी’ लिहिलेले असते, कोठे ‘शेतसनदी’, कोठे ‘लोणारी’, तर कोठे ‘मैलकुली’. मग कोणी हसतो, तर कोणी मान खाली घालून कागद पुन्हा पेटीत ठेवतो. वास्तविक दोहोंचीही गरज नाही. शब्द जुना झाला, एवढाच त्याचा दोष.

ही नोंद कशी होत असे, हे आधी समजून घेतले पाहिजे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील खेड्यांत जन्ममृत्यूची नोंद ठेवण्याचे काम गावकामगारांकडे असे. महसुली दप्तरात ही वही ‘गाव नमुना नंबर चौदा’ या नावाने ओळखली जाते. वर्दी कधी घरचा माणूस देई, कधी शेजारी, तर कधी गावनोकर. लिहिणारा त्याच्या तोंडून आलेला शब्द आपल्या वळणाने लिही. लिपी बहुधा मोडी. मोडीत लेखणी फारशी न उचलता ओळ ओढली जाते, दोन शब्दांत अंतर राहत नाही आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही लिपी शाळा व कचेऱ्यांतून गेली. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला व महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या वह्यांत मात्र आधी अक्षर लावावे लागते, आणि मग अर्थ.

‘भिक्षुकी’ हा शब्द घ्या. नातवाला वाटते, आजोबा भीक मागत होते की काय! पण भिक्षुक म्हणजे पौरोहित्य करणारा. गावात लग्नमुंज लावणे, सत्यनारायण सांगणे, श्राद्धपक्ष चालविणे, ही भिक्षुकी. तिच्यात दारिद्र्य असेल, लाजिरवाणे काही नाही.

‘शेतसनदी’ या शब्दात ‘शेत’ दिसते म्हणून त्याला मोठा शेतकरी समजण्याची चूक होते. गावच्या पोलिस चाकरीबद्दल ज्याला सनदेने जमीन लावून दिलेली असे, तो शेतसनदी. शेत हा त्याचा पगार होता आणि चाकरी हे त्याचे काम.

‘मैलकुली’ वाचून काही जण दचकतात. येथे मैल म्हणजे मळ नव्हे, अंतराचा मैल. सडकेचा नेमून दिलेला तुकडा ज्याने सांभाळायचा, खड्डे बुजवायचे, गटारे मोकळी ठेवायची, तो मैलकुली. ‘नाईक’ या एका शब्दाचे तर तीन धनी आहेत. रामोश्यांचा प्रमुख तो नाईक, लमाणांच्या तांड्याचा पुढारी तोही नाईक, आणि पलटणीतील एका हुद्द्याचे नावही नाईकच. शेजारी ‘पेन्शनर’ असेल तर तिसरा अर्थ धरावा. नुसत्या शब्दावरून निवाडा करू नये.

आता देवळाच्या कामाचे शब्द पाहू. ‘लोणारी’ म्हणजे लोण्याचा व्यापारी नव्हे. चुनखडी भाजून चुना करणारा आणि कोळसा पाडणारा तो लोणारी. जुन्या देवळांच्या भिंती सिमेंटच्या नव्हेत. भट्टीचा चुना वाळूसह घाणीत टाकून बैलांकडून मळवून घेत, आणि त्यात दगड बसे. तो दगड फोडणारा बेलदार, घडविणारा पाथरवट, गाड्यांवर घालून आणणारा गाडीवडार, पायाची माती काढणारा मातीवडार. ‘घडशी’ हा शब्द ऐकून घडणावळीचा कारागीर डोळ्यांपुढे येतो, पण घडशी हा सनई-चौघडा वाजविणारा. देवाला बेल व घरोघर पत्रावळी पुरविणारा, महादेवाची आणि मारुतीची पूजा करणारा तो गुरव. ‘टाकारी’ म्हणजे टाकून दिलेला नव्हे. जात्याला टाकी लावून देणारा तो टाकारी. तो आला नाही तर घरोघरचे दळण अडे.

हाताने इतके केलेल्या या माणसांना सरकारने काय दिले, तेही विसरून चालणार नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे त्याचा विस्तार होत गेला. वडार, टाकारी यांसारख्या कष्टकरी समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली गेला. म्हणून अशा घरातील तरुणाला जुन्या नोंदीत हा शब्द सापडला तर त्याने सरकारी शिक्क्याकडे न पाहता जात्याकडे आणि देवळाच्या जोत्याकडे बोट दाखवावे.

‘येसकर’ आणि ‘तराळ’ हे शब्दही असेच वाचावेत. येसकर म्हणजे वेसकर, गावच्या वेशीचा रखवालदार. तराळ म्हणजे सरकारी निरोप व ओझी पोहोचविणारा. कागदावर याला वतन म्हणत. प्रत्यक्षात रात्रीबेरात्री बोलावणे येई आणि मोबदला तुटपुंजा असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात या वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल मांडले, ते याच कारणाने. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. वेशीची राखण करणाऱ्या या माणसाला देवळाची पायरी मात्र बंद होती. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून सानेगुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. जीर्णोद्धाराच्या आनंदात हेही आठवावे. नव्या दाराला शोभा येते ती ते सर्वांना उघडे असल्यामुळे.

स्त्रियांच्या नोंदी तर सर्वांत मुक्या. नावापुढे ‘कोम’ असे येते. त्याचा अर्थ जमात असा करू नये. ‘अमकी कोम अमका’ म्हणजे अमक्याची बायको. धंद्याच्या जागी ‘घरकाम’, किंवा कोरी जागा. जिने जन्मभर खुरपले, भांगलले, शेण थापले, तिचा धंदा लिहिणाऱ्याला दिसला नाही. कोरा रकाना म्हणजे रिकामे हात नव्हेत.

उलगडा करताना काही पथ्ये पाळावीत. शब्द जसा दिसतो तसा प्रथम उतरून घ्यावा, आपल्या समजुतीने सुधारू नये. त्याच हाताने लिहिलेल्या मागच्या-पुढच्या पानांवर तोच शब्द कोणाकोणासमोर आहे ते पाहावे. १९१८ च्या मानमोडीसारख्या साथीच्या सालात मृत्यूंची रीघ लागली होती. अशा वेळचा एखादा शब्द घाईचा असू शकतो, म्हणून त्याच घराची दुसरी नोंद शोधावी. जमिनीच्या फेरफाराशी ती ताडून पाहावी. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा ‘गावगाडा’ यांत गावच्या व्यवहारातले पुष्कळ शब्द मिळतात. गावातल्या वृद्ध माणसांना विचारायला विसरू नये. जो शब्द कोशात नसतो तो कधी कधी ओट्यावर सापडतो. जातीवरून धंदा आणि धंद्यावरून जात ठरवू नये. ‘कुणबी’ हा शब्द जातीसाठी येतो तसाच शेती करणाऱ्यासाठीही येतो, आणि तेल्याच्या घरचा माणूस जन्मभर नांगर धरूनही गेलेला असतो. मूळ वहीवर पेन्सिलीची रेघही ओढू नये. छायाचित्र घ्यावे आणि जाणत्या मोडी वाचकाला दाखवावे.

देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावे कोरली जातात, ते योग्यच आहे. ज्याने आपल्या घासातला घास देवाला दिला त्याचे नाव राहिलेच पाहिजे. परंतु पहिले देऊळ ज्यांनी उभे केले त्यांची नावे दगडावर बहुधा नाहीत. लोणारी, पाथरवट, वडार, घडशी, येसकर यांची नावे राहिली असतील तर ती मृत्यूच्या वहीतल्या एका ओळीत. त्या वह्यांना कसर लागत आहे आणि मोडी वाचणारे थोडे आहेत. कलशारोहणानंतर गावच्या चार मुलांनी मोडी शिकून ती ओळ वाचली, आणि त्या नावांची एक यादी सभामंडपात लागली, तर ज्यांनी पाया घातला त्यांच्यापर्यंत या उत्सवाचा प्रसाद पोहोचला असे होईल.