सशाचं पिल्लू शेतात एकटं सापडलं, तर ते खरंच अनाथ असतं का?

सोयाबीनच्या काढणीपासून हरभऱ्याच्या काढणीपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्च, लातूर-नांदेड भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. तळहातावर बसलेलं, तपकिरी रंगाचं, टपोऱ्या डोळ्यांचं मूठभर पिल्लू. खाली प्रश्न असतो, ‘शेतात सापडलं, आई दिसत नाही, काय खायला देऊ?’ उत्तरं धडाधड येतात. कुणी गाईचं दूध सांगतं, कुणी गाजर, कुणी दुधात भिजवलेलं बिस्किट.

बहुतेक वेळा खरं उत्तर एवढंच असतं, की होतं तिथं नेऊन ठेवा, आणि आजच ठेवा. कारण त्याची आई मेलेली नसते. दिवसा ती पिल्लाजवळ थांबतच नाही.

हे समजण्यासाठी आधी आपला ससा कोणता ते बघू. घरात किंवा पेट शॉपमध्ये दिसणारा पांढरा ससा मूळचा युरोपातला. तो जमिनीत बीळ करतो आणि त्याची पिल्लं जन्मतात तेव्हा आंधळी असतात, अंगावर केस नसतात. आपल्या माळावरचा ससा, म्हणजे लेपस निग्रिकोलिस, हा वेगळाच प्राणी आहे. मानेमागे काळा पट्टा, लांब कान, लांब पाय. तो बीळ करत नाही. गवतात किंवा पिकाच्या ओळीत अंग दाबून छोटीशी खळगी करतो आणि दिवसभर तिथं बसून राहतो. त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. एका वेतात एक ते चार.

गोंधळ इथूनच सुरू होतो. यूट्यूबवर ‘सशाची अनाथ पिल्लं कशी वाढवायची’ असं शोधलं, की बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या कॉटनटेल सशाचे निघतात. त्यात ‘घरट्यावर दोरे टाकून ठेवा, सकाळी हलले असतील तर आई आली होती’ असे सल्ले असतात. आपल्या सशाला घरटंच नसतं, मग दोरे टाकणार कशावर? शिवाय डोळे उघडे आहेत म्हणजे पिल्लू मोठं झालंय, पाला खाईल, हा अंदाजही इथं चुकतो. आपल्या सशाचं पिल्लू डोळे उघडे असूनही एका दिवसाचं असू शकतं.

आता आईकडे वळू. सशाच्या मादीकडे शिंगं नाहीत, नखांची फारशी ताकद नाही, लपायला बीळ नाही. पिल्लाजवळ बसून राहिली तर तिच्या अंगाच्या वासावर कोल्हा, खोकड, मुंगूस, गावातली कुत्री थेट तिथंच पोचणार. पिल्लाच्या अंगाला मात्र वास फार कमी असतो, आणि ते न हलता, आवाज न करता पडून राहतं. त्यामुळे आई लांब राहते. युरोपातल्या शेतात राहणाऱ्या सशांचा याबाबत बारकाईने अभ्यास झाला आहे. तिथली मादी सूर्यास्तानंतर साधारण तासाभरात जन्माच्या जागी येते, इकडेतिकडे पांगलेली पिल्लं तिथं गोळा होतात, काही मिनिटं दूध पितात आणि पुन्हा पांगतात. चोवीस तासांत बहुधा एवढीच भेट. आपला ससाही त्याच कुळातला, उघड्यावर पिल्लं ठेवणारा.

म्हणजे दुपारी बारा वाजता तूर किंवा ज्वारीच्या धसकटात एकटं बसलेलं, न हलणारं, गप्प पिल्लू दिसलं, तर सगळं व्यवस्थित चाललंय असं समजायचं. त्याला घरी आणलं, की रात्री आई येते, शोधते आणि निघून जाते. पिल्लू अनाथ होतं ते अशा वेळी.

‘माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही’ ही समजूत गावोगाव आहे. तिच्यामुळेच ‘आता हात लावलाच आहे, तर राहू दे घरी’ असं म्हटलं जातं. ती समजूत चुकीची आहे. सकाळी उचललेलं पिल्लू अंधार पडायच्या आत त्याच जागी ठेवलं, तर आईने त्याला पाजण्याची चांगली शक्यता असते. ज्याने उचललं त्यालाच सोबत न्या, नेमकी जागा त्यालाच माहीत असते. पिकाची काढणी होऊन जागा उघडी पडली असेल, तर सर्वात जवळच्या धुऱ्यावर, गवताच्या आडोशाला ठेवा. काही पावलांचं अंतर चालतं, दुसऱ्याच्या शेतात नको. ठेवलं की निघून जा. लांबून मोबाइलच्या टॉर्चने बघत बसलात तर आई येणार नाही. कुत्री मात्र त्या रात्री बांधून ठेवा.

खरोखर अडचणीत असलेलं पिल्लू वेगळं ओळखू येतं. जवळ मेलेली मादी दिसते, किंवा अंगावर जखम, रक्त, मुंग्या, माश्यांची अंडी असतात. दिवसाउजेडी ओरडत फिरतं, हाताला गार लागतं. किंवा एकदा परत ठेवूनही दुसऱ्या सकाळी पोट खपाटीला गेलेलं असतं. कुत्र्या-मांजराच्या तोंडून सोडवलेलं पिल्लूही याच गटात, मग वरून जखम दिसो वा न दिसो. दाताचं भोक बारीक असतं आणि जंतुसंसर्ग आत पसरतो.

अशा वेळी वनविभागाच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर फोन करा, किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. लातूर जिल्हा राज्यात सर्वात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी आहे, त्यामुळे किनवट-माहूरसारखा वनरक्षक इथं हाकेच्या अंतरावर असेलच असं नाही. पण पशुवैद्यक जवळ असतो. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत.

मदत येईपर्यंत पुठ्ठ्याचा खोका घ्या, भोकं पाडा, आत सुती कापड आणि थोडं वाळलेलं गवत टाका, आणि तो अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. पिल्लू गार असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर ते दुसरीकडे सरकू शकेल. एप्रिल-मेमध्ये उलटी काळजी घ्या. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ते तासाभरात मरू शकतं. कान धरून उचलू नका, आंघोळ घालू नका. मुलांनी एकामागून एक हातात घेणं हेही घातकच. हातात गप्प बसलेलं पिल्लू माणसाळलेलं वाटतं, प्रत्यक्षात ते भीतीने गोठलेलं असतं, आणि नुसत्या भीतीनेही ससा मरतो.

आता दूध. सगळ्यात जास्त पिल्लं इथंच जातात. सशाचं दूध अतिशय घट्ट असतं. त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या कित्येक पट, आणि साखर अगदी कमी. गाईच्या दुधाने पोट भरल्यासारखं दिसतं, पण ताकद मिळत नाही आणि जुलाब लागतात. त्याहून मोठा धोका पाजण्याच्या पद्धतीत आहे. उताणं धरून ड्रॉपरने तोंडात दूध सोडलं की ते श्वासनलिकेत जातं आणि फुफ्फुसाला सूज येते. म्हणून पहिले काही तास काहीही न पाजणं हेच बरं. निरोगी पिल्लूही दिवसातून एकदाच पितं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत उपाशी राहिल्याने ते मरत नाही. गार पडलेल्या पिल्लाला तर ऊब मिळेपर्यंत पाणीसुद्धा नको.

मदत दुसऱ्या दिवसापर्यंत येणारच नसेल, तर पशुवैद्यकाला फोनवर विचारूनच पाजा. शेळीचं दूध किंवा मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर हे त्यातल्या त्यात बरे पर्याय. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या, पिल्लू चारी पायांवर बसलेलं असू द्या, एकेक थेंब ओठाच्या कडेला लावा आणि त्याला चाटू द्या. आणखी एक, घरात उरलेलं अमॉक्सिसिलीन देऊ नका. माणसाला आणि कुत्र्याला चालणारं हे औषध तोंडावाटे दिलं, तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि मागोमाग ससाही.

‘आम्हीच वाढवू, मोठं झालं की सोडू’ हा विचार मनाला पटणारा आहे, तरी तो टाळलेला बरा. घरी वाढवलेली रानसशाची पिल्लं फार थोडी जगतात, आणि जगली तरी कुत्र्याला बघून पळायचं असतं हे त्यांना कळेलच असं नाही. कायदाही आड येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या सशाला संरक्षण आहे. तो पकडता येत नाही, पाळता येत नाही, विकता येत नाही. असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनविभागाच्या अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. जखमी पिल्लाला दवाखान्यात नेताना घाबरायचं कारण नाही, फक्त आधी किंवा लगेच कळवा. घरात पाळून त्याची रील टाकणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणं. आणि शेताच्या ठिकाणासह फोटो टाकला, तर तो वागूर आणि फास लावणाऱ्यांपर्यंतही पोचतो.

काढणीच्या वेळी थोडं बघितलं, तर बरीच पिल्लं उचलायची वेळच येत नाही. हार्वेस्टर चारही बाजूंनी आत आत फिरवला, की ससे मधल्या उभ्या पट्ट्यात अडकतात. एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूला सरकत गेलं, किंवा मधून बाहेर काढत आलं, तर मोठे ससे तरी बाजूच्या शेतात निघून जातात. पिल्लू मात्र पळत नाही, जागीच दबून बसतं. सोंगणीच्या बायकांना ते आधी दिसतं, कारण त्या वाकून चालतात. तेवढी ओंजळभर जागा सोडून पुढे जा असं त्यांना सकाळीच सांगून ठेवता येतं. उसात पाचट पेटवण्याआधीही फडातून एक चक्कर मारावी. पाचट न जाळता कुजवलं तर सशासोबत जमिनीचाही फायदा होतो, पण तो वेगळा विषय आहे.

धुऱ्यावरचं गवत चैत्रापर्यंत राहू द्या. रब्बी निघाल्यावर लातूरच्या उघड्या रानात सशाला दिवसभर बसायला तेवढीच जागा उरते.