बिगारी, पगार, मानधन

मजूर अड्ड्यावर सकाळी सात-साडेसातला जाऊन उभं राहिलं, की कष्टाच्या मोबदल्याचा अख्खा शब्दकोश कानावर पडतो. मुकादम टेम्पोतून उतरतो. "दोन बिगारी, एक गवंडी पाहिजे. काय घेणार?" "तुम्ही रोज काय देणार ते बोला." मग हजेरीवर की अंगावर, उक्तं घेतलं तर किती, चहापाणी कुणाचं, सुट्टी किती वाजता, पैसे संध्याकाळी हातात की शनिवारी, असं सगळं चार वाक्यांत ठरतं. नाही ठरलं तर टेम्पो पुढच्या घोळक्याकडे सरकतो. या बोलण्यात 'किमान वेतन' हे दोन शब्द कुणी उच्चारत नाही, ना मुकादम, ना मजूर.

यातला 'बिगारी' हा शब्द मला फार विलक्षण वाटतो. फारसीतला 'बेगार' म्हणजे सक्तीनं, फुकट करून घेतलेलं काम. आपल्याकडे त्या आधीपासून 'वेठ' होतीच, ती संस्कृत 'विष्टि'पासून आली. दोघींची जोडी जमून 'वेठबिगार' झाला. एकाच अर्थाचे दोन शब्द जोडायची मराठीला हौसच आहे. सरकारी अंमलदाराची पालखी वाहायची, ओझी पुढच्या गावापर्यंत पोचवायची, बदल्यात काही नाही, तो बिगारी. आज मात्र विटा वाहणारा, माल कालवणारा, संध्याकाळी रोज मोजून घेणारा माणूस बिगारी म्हणवतो. फुकट राबणाऱ्याचं नाव पैसे घेणाऱ्याला कसं चिकटलं? काम तेच राहिलं, ओझं वाहण्याचं. दाम आला, नाव बदलायचं राहून गेलं.

'मजूर' हा मुळात याच्या अगदी उलट शब्द. फारसी 'मुज्द' म्हणजे कामाचं मोल, आणि ते ज्याला मिळतं तो 'मुज्दूर', आपला मजूर. म्हणजे व्युत्पत्तीनं मजुराला पैसे मिळतात आणि बिगाऱ्याला मिळत नाहीत. नाक्यावर हे दोघे एकाच सदऱ्यात उभे असतात.

हा नुसता कोशातला खेळ नाही. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात वेठबिगारीला मनाई आहे, आणि तिथं मूळ इंग्रजी संहितेतही 'बेगार' हाच शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. 1982 साली दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती. तिथल्या मजुरांचं किमान वेतन होतं रोजाला 9 रुपये 25 पैसे. ठेकेदार ते जमादारांच्या हाती देत, जमादार त्यातला एक रुपया दलाली म्हणून कापून घेत आणि मजुराच्या हातात सव्वाआठ रुपये पडत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे सक्तीचं काम. सक्ती काही चाबकाचीच असते असं नाही. भुकेपोटी माणूस मिळेल त्या दरात राबतो, तीही सक्तीच. थोडक्यात, एक रुपया कमी पडला की नाक्यावरचा बिगारी कायद्याच्या भाषेत पुन्हा मूळ अर्थाचा बिगारी होतो.

'वेठ' या शब्दाचं मात्र आपण भलतंच केलं. एसटी कर्मचारी, आशा, परिचारिका, कुणीही पगारासाठी संपावर गेलं, की बातम्यांत मथळा येतो, 'संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले'. फुकट राबवून घेणाऱ्यासाठी असलेला शब्द पूर्ण दाम मागणाऱ्यावर उलटवायचा, याला काय म्हणावं?

'पगार' पोर्तुगिजांकडून आला हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांच्या भाषेत 'पगार' हे क्रियापद आहे, देणं चुकतं करणं. त्यामागं लॅटिनमधला 'शांत करणं' हा अर्थ आहे. देणेकऱ्यानं पैसे देऊन येणेकऱ्याला शांत करायचं. 'तनखा' फारसीतून आला. 'तन' म्हणजे शरीर आणि 'ख्वाह' म्हणजे इच्छिणारं. देहाला जे हवं ते. मराठीनं हा शब्द कुणाला दिला बघा. मजुराला रोज, कारकुनाला पगार, आणि तनखे संस्थानिकांना! 1971 साली घटनादुरुस्तीनं ते बंद झाले तेव्हा वर्तमानपत्रांत मोठा वाद झाला होता. सरकारी तिजोरीतून काम न करता मिळणाऱ्या पैशाबद्दल आज जे बोललं जातं, ते या तनख्यांशी ताडून बघायला हरकत नाही.

घरकामाच्या बाबतीत भाषा उलट्या दिशेनं गेली. 'मोलकरीण' या शब्दात मोल उघड होतं. आता तो कानाला खटकतो म्हणून आपण 'मावशी', 'ताई' म्हणतो. हाक गोड आहे, पण मावशीला पगारी रजा आणि दिवाळीचा बोनस मागताना जड जातं.

'भत्ता' हा माझा आवडता शब्द. संस्कृत 'भक्त' म्हणजे शिजवलेलं अन्न. त्यातून प्राकृत 'भत्त', त्यातून आपला भात, आणि भत्ता त्याच घरातला. महागाई भत्ता म्हणजे, मुळाकडे जाऊन बघितलं तर, महागाईचा भात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या शेतावर राबणाऱ्यांच्या मोबदल्याचा उल्लेख आहे. महिन्याला सव्वा पण रोख, आणि शिवाय 'भक्त', तेही ज्याच्या पाठीमागं जितकी माणसं असतील त्या मानानं. म्हणजे रोख रक्कम कामाला आणि जेवण कुटुंबाला. त्याच ग्रंथात राजसेवकांच्या वेतनाची यादी आहे. पुरोहित-सेनापतींना 48,000 पण, सगळ्यात खाली जनावरांची देखभाल करणाऱ्यांना 60. आठशे पट! आणि या सगळ्या खर्चाला कौटिल्यानं मर्यादाही घातली आहे. राज्याची शक्ती बघायची आणि उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शात वेतनं बसवायची. खाणाऱ्या तोंडांचा हिशेब एकीकडे, देणाऱ्याच्या ऐपतीचा दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच पोथीत.

ऐपतीसाठी आपला रोजचा शब्द 'परवडणं'. या क्रियापदाचं व्याकरण मोठं सोयीचं आहे. 'मला मजुरी परवडत नाही' या वाक्यात मी काहीच करत नाही. जे काही करायचं ते मजुरी करते, किंवा करत नाही. देणारा चतुर्थीत बसून राहतो. बागायतदार म्हणतो, या भावात द्राक्षाला मजूर लावणं परवडत नाही. मजूर म्हणतो, या रोजात येणं परवडत नाही. दोघांचं वाक्य एकच, दोघंही बहुतेक वेळा खरं बोलतात, आणि कोशात शेजारीच 'परवड' हा शब्द हाल-अपेष्टा असा अर्थ घेऊन बसलेला असतो.

स्वतंत्र भारतानं या 'परवडण्या'ची हद्द आखायचा प्रयत्न केला. 1948 साली किमान वेतन कायदा आला, आणि त्याच सुमारास रास्त वेतन समितीनं तीन पायऱ्या सांगितल्या: किमान वेतन, रास्त वेतन, निर्वाह वेतन. रास्त वेतन किती वर जाईल हे उद्योगाच्या ऐपतीवर ठरेल, पण किमानच्या खाली जायचं नाही. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेनं किमान म्हणजे काय याचं मोजमापही दिलं. कमावत्याच्या कुटुंबाची खाणारी माणसं तीन धरायची, दर प्रौढ माणसामागे दिवसाला 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि जळण-दिवाबत्ती वगैरेंसाठी 20 टक्के. 72 वारांत नऊवारी किती आणि पोरांचे सदरे किती, असा हिशेब कुणीतरी मांडला असणारच. केरळातल्या कौलांच्या कारखानदारांनी पुढं सर्वोच्च न्यायालयात तक्रार नेली, की दर ठरवताना आमची ऐपत बघितलीच नाही. 1961 च्या निकालात न्यायालयानं सांगितलं, की किमान वेतनापुरता ऐपतीचा प्रश्न गैरलागू आहे. तेवढंही देता येत नसेल तर तो धंदा चालवण्याचा हक्क पोचत नाही. म्हणजे कायद्यात एका रेषेखाली 'परवडत नाही' हे वाक्य ऐकूनच घेतलं जात नाही. माझ्या मते हे ठीकच आहे. मालकाच्या अडचणी खोट्या असतात म्हणून नव्हे. पण त्या अडचणींचा भार उचलायला सर्वात दुबळा खांदा निवडायचं कारण नाही.

अशा वेळी बाकीचा भार कुणी उचलायचा, हा प्रश्न उरतोच. इथं महारवतनाची आठवण काढायला हवी. महारांकडून इंग्रज सरकार चोवीस तास राबवून घेई: सारा पोचवणं, गावात आलेल्या अंमलदाराच्या मागं धावणं, निरोप देणं. मोबदला म्हणून इनामाची किरकोळ जमीन आणि रयतेकडून धान्याचं बलुतं. काम सरकारचं आणि दाणे रयतेचे; ते दाणेही रयतेच्या मर्जीवर. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते यासाठी. बलुत्याऐवजी रोख पैसा, तो सरकारनं साऱ्याबरोबर वसूल करावा आणि सरकारनंच द्यावा, अशी मागणी होती. विधेयक पास झालं नाही, ते पुढच्या वर्षी मागं घ्यावं लागलं. ही वतनं कायद्यानं जायला 1958 उजाडलं.

महाराष्ट्रानं पुढं 'रोजगार' या शब्दाला 'हमी' जोडली. फारसीत रोजगार म्हणजे काळ, जमाना. आपण त्याचा कामधंदा केला. वि. स. पाग्यांनी तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगातून, 72 च्या दुष्काळातून ही योजना वाढली आणि 1979 पासून कायदा म्हणून लागू झाली. पैसा उभा राहिला शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून. पगाराच्या चिठ्ठीवर आजही महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात ते हेच. गावोगावच्या बागायतदारांची तक्रार मात्र तेव्हापासून आजपर्यंत एकच: सरकार पैसे देतं, मग आमच्याकडे मजूर कशाला येतील? आता रोजगार हमीच्या जागी ते लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये धरतात. या पैशाला सरकारनं 'ओवाळणी' म्हटलं, हे मात्र शब्दांच्या माणसाला खटकतं. ओवाळणी भावाच्या खुशीची असते. हक्क म्हणून मागता येईल असा शब्द कुणी निवडला नाही.

शब्द निवडण्यात सरकारचा हात कुणी धरणार नाही याचा पक्का पुरावा म्हणजे 'मानधन'. हा खरं तर व्याख्यात्याला नारळाबरोबर पाकिटात घालून द्यायचा शब्द. अंगणवाडी सेविकेला, मदतनिसाला, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला, आशाला मिळतं ते मानधन. शिक्षक म्हणायचं नाही म्हणून 'शिक्षणसेवक' केला, त्यालाही मानधन. महाविद्यालयात तासावर शिकवणारे 'तासिका तत्त्वावर' असतात. त्यात तत्त्व कोणतं, ते कुणी सांगत नाही. आशा तर नावानंच 'स्वयंसेविका'. स्वयंसेविका आणि मानधन हे शब्द एकदा बसले, की कामगार नाही, वेतन नाही, म्हणून किमान वेतनही नाही. खाजगी मालकाचं जे वाक्य कायदा ऐकून घेत नाही, ते सरकारला म्हणावंच लागत नाही.

2022 च्या एप्रिलमध्ये गुजरातच्या अंगणवाडी सेविकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढं आलं. प्रश्न ग्रॅच्युइटीचा होता. सरकारी बाजूचा मुद्दा हाच, की यांना पगार नाही, मानधन आहे. न्यायालयानं ग्रॅच्युइटीच्या कायद्यातली वेतनाची व्याख्या लावून बघितली आणि सांगितलं, की कामाबद्दल मिळणारं हे मानधन त्या व्याख्येत बसतं, तेव्हा ग्रॅच्युइटी द्यावी लागेल. निकाल त्या एका कायद्यापुरता आहे. सेविका दर महिन्याला ज्या रकमेची वाट बघतात, तिचं सरकारी कागदावरचं नाव अजून मानधनच आहे.