रेशीमकिड्याची तपासणी

ब्रोकेडच्या स्टोरेज स्विचवर 'स्पिनसिल्क' नावाची कमांड असायची. कसलं रेशीम? तर या स्विचचं नावच सिल्कवर्म, म्हणजे रेशमाचा किडा. पहिला आला १९९७ साली! या तपासणीत स्विच स्वतःच फ्रेम सोडायचा आणि केबलमधून फिरून परत आलेल्या पडताळायचा.

पण मंडळी, त्यासाठी अख्खा स्विच ऑफलाइन करावा लागे. त्यावर बँकेचा डेटा असेल तर परवानगी देणार कोण? मग दोष केबलचा की पोर्टचा, हे पुष्कळदा अंदाजानेच ठरायचं.

२०११ मध्ये १६ गिगाबिटच्या स्विचबरोबर डी-पोर्ट आलं. एकच लिंक बाजूला काढायची, बाकीची वाहतूक चालू ठेवायची आणि ऑप्टिक्स, केबल तपासायची. मला विचाराल तर वाढलेल्या वेगापेक्षा हीच मोठी सुधारणा.